वीरण्णाच्या दारातलं पाणी

२६ फेब्रुवारी २०१६. लातूर, हाडाचा दवाखाना.

ऑपरेशन झालं. उजव्या घोट्यात प्लेट बसवली, वरून स्क्रू मारले. डॉक्टर म्हणाले, आता हा पाय लोखंडाचा झाला. मी म्हणालो, माणूस आधीपासूनच लोखंडाचा आहे. ते हसले नाहीत. बिल करताना मात्र हसत असावेत.

आजपासून रोजनिशी. कारण एकच. वीरण्णा.

घटना लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तपशील बदलता येणार नाही. सोमवारी पहाटे दूध आणायला निघालो. आमच्या घरासमोर वीरण्णाचं घर. त्याच्या फाटकापुढच्या शहाबादी फरशीवर पाय घसरला. फरशी ओली होती. अख्ख्या उदगिरात प्यायला पाणी नाही आणि याच्या दारात माणूस आडवा होईल इतकं पाणी! पडता पडता वर पाहिलं. वीरण्णा ओट्यावर उभा होता आणि त्याचे सगळे दात दिसत होते. माझा पाय मोडत असताना तो हसत होता. सिंधु म्हणते, तो राखुंडीनं दात घासत होता. बायको माझी, साक्ष त्याची.

त्यानेच आपल्या टेम्पोत घालून मला लातूरला आणलं, हे खरं आहे. गुन्हेगार घटनास्थळावरून पुरावा हलवतो तो असा.

सिंधुने पाटल्या गहाण टाकून दवाखान्याचे पैसे भरले. तिच्या आईच्या पाटल्या. अक्षय तृतीयेला नांदेडला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न आहे. मी खाटेवरून शब्द दिला की लग्नाला जाशील ती पाटल्या घालूनच, आणि त्या वीरण्णाच्या पैशाने सोडवलेल्या असतील. ती म्हणाली, आदी पाय नीट करा, मंग वीरण्णा करा. बायकांना लांबचं दिसत नाही.

२८ फेब्रुवारी.

नरसिंगला फोन केला. नरसिंग म्हणजे सिंधुचा भाऊ, नांदेडच्या कोर्टात वकील. लग्न त्याच्याच मुलीचं.

म्हणाला, दाजी, पडलं म्हणून पैसे मिळत नसतात. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते पाणी कुणाच्या ताब्यातलं होतं. त्याने निष्काळजीपणा केला का. आणि त्याच निष्काळजीपणाने तुमचा पाय मोडला का. साखळी असते म्हणाला, एक कडी निसटली की दावा गेला. आपण स्वतः किती सांभाळून चाललो तेही बघतात, चूक आपली असेल तेवढे पैसे कापतात. मग भरपाईत काय काय धरतात ते सांगितलं. ऑपरेशन, औषधं, बुडालेली कमाई, उद्या प्लेट काढायची वेळ आली तर तो खर्च, पाय कायमचा अधू राहिला तर त्याची टक्केवारी, आणि सोसलेल्या वेदना. वेदनांचेही पैसे मिळतात, हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं! मी लगेच विचारलं, वीरण्णाचे दात पाहून जी वेदना झाली ती यात बसेल का. तो म्हणाला, आवाज कट होऊन राहिलाय, दाजी.

कट व्हायच्या आधी म्हणाला, समोरचा काही देत असेल तर घेऊन मिटवा. वकील असून मिटवा म्हणतो. याच्याकडे केस द्यायची नाही. सल्ला तेवढा घ्यायचा, फुकट आहे.

तसंही लिहिण्यासाठी मला वकिलाची गरज नाही. तहसीलच्या गेटसमोर छत्रीखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. फेरफार, वारस, रेशन, निराधार. शेषेरावचा अर्ज साहेबाला बाजूला ठेवता येत नाही, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मी आणि शेजारचा झेरॉक्सवाला सटवाजी.

४ मार्च. उदगीर.

घरी आलो. वॉकर घेऊन मोरीपर्यंत जाता येतं. गल्लीच्या नळांना तीन आठवड्यांपासून थेंब नाही. टँकर आला की भांडणं, भांडी वाजतात, मग माणसं वाजतात. लोकांनी ड्रमला कुलपं लावली आहेत.

आमचं त्या मानाने बरं आहे. मागच्या मोरीत आपला एक नळ आहे. २००८ साली मलप्पा प्लंबरकडून मोठ्या लाइनीवर एक जोड घेऊन ठेवला होता, काळी नळी गल्लीखालून आणली. नगरपालिकेला कळवायचं तेवढं राहून गेलं. हलक्या मनाचे लोक याला चोरी म्हणतील. मी दूरदृष्टी म्हणतो. पहाटे धार येते, सिंधु दार लावून भरून घेते. अलीकडे धार फार बारीक झाली आहे. मधल्या मध्ये वीरण्णाच ओढत असणार. तेही दाव्यात घालायचं.

वीरण्णा सांगतो की त्याचा बोअर दिवाळीतच आटला. मग दारात पाणी कुठून? आभाळातून तर दोन वर्षं पडलेलं नाही. म्हणजे बोअर चालू आहे आणि तो गल्लीपासून लपवून ठेवतो आहे. दुष्काळात शेजाऱ्यापासून पाणी लपवणारा माणूस! मला अशा माणसाची किळस येते.

सिंधु म्हणाली, आवो, आपली नळी बी तितूनच आलीया न्हवं का? मी म्हणालो, मलप्पाचं काम पक्कं असतं. विषय संपला.

७ मार्च. महाशिवरात्र.

वीरण्णा आला. केळी आणली होती. चोराच्या मनात चांदणं.

म्हणाला, आमच्या दारात पडलाव, आमाला बी बरं वाटना. निम्मा खर्च मी देतो. पन शेषेराव, ते पानी माजं न्हाई. पहाटं ओलं ऱ्हातंय, उन्हं आली की वाळतंय. कुटून येतंय मलाबी उमगना.

मी शांतपणे म्हणालो, वीरण्णा, २००९ साली तू ओट्याची पायरी गल्लीत वीतभर पुढे आणलीस तेव्हाही तुला उमगलं नव्हतं. त्या पायरीवर मी केलेल्या अर्जांचा निकाल अजून लागलेला नाही. तो निकाल आता एकदमच लागेल.

निम्मे घेऊन तो सुटला असता. मला त्याला सुटू द्यायचं नाही. पैसे हे साधन आहे. साध्य म्हणजे वीरण्णा कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला आणि दात अजिबात दिसत नाहीत.

केळी ठेवून घेतली. गोड होती.

११ मार्च.

आज मोठी प्रगती. साक्षीदार मिळाला, तोही शत्रूच्या घरातला.

वीरण्णाची आई नागुबाई. संक्रांतीत तीही त्याच फरशीवर पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी सगळ्या गल्लीसमोर म्हणालो होतो की या वयात माणसाने खाली बघून चालावं. ते मत मी मागे घेतो. ते अपुऱ्या माहितीवर आधारलेलं होतं. एकाच जागी दोन माणसं पडतात, दोघांना सुरी लागते, म्हणजे मालकाला धोका माहीत होता आणि तरी तो गप्प बसला. नरसिंगची दुसरी कडी पक्की.

दुपारी नागुबाई आमच्या ओट्यावर आली. तिचा वॉकर, माझा वॉकर, दोन्ही भिंतीला टेकवून ठेवले. माझ्या अक्षरावर तिचा फार विश्वास. औरादच्या तिच्या माहेरच्या जमिनीतल्या वाट्याचा अर्ज मीच लिहिला होता आणि वाटा मिळाला होता. मी जबाब लिहून घेतला. तिला पोराचं नाव यायला नको होतं. मी म्हणालो, नाव कुणाचंच नको, फक्त तत्त्व लिहू. तिने सांगितलं ते जसंच्या तसं घेतलं: पानी ज्याचं, भरपाई त्याची. मग तो माज्या पोटचा असंल न्हाईतर शेजारचा. करावं तसं भरावं.

सही केली. बिचारीला कळलंही नाही की पोराचा फास आपल्याच हाताने विणला.

जाता जाता म्हणाली, शेष्या, तुमच्या न्हाणीचं पानी तर न्हाई ना रं ते? मी इतका हसलो की घोट्यात कळ आली. ती कळही वेदनांमध्ये धरायची.

१८ मार्च.

सटवाजी भेटायला आला. म्हणाला, एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होनार, यंदा पक्कं हाय. दरवर्षी म्हणतो, पण यंदा आवाजात वजन होतं.

निर्णय: दावा लातूर जिल्ह्यात लावून वाया घालवायचा नाही. थांबायचं. नव्या उदगीर जिल्ह्याचा पहिला दावा माझा. पुढे मुलांना शिकवतील, शेषेराव बिरादार विरुद्ध वीरण्णा. लगेच बसून वर लिहिलं: प्रत, मा. जिल्हाधिकारी साहेब, जिल्हा उदगीर. सटवाजी म्हणाला, ह्ये साहेब अजून जल्मालाच आलं न्हाईत. मी म्हणालो, माझा पायही आज चालत नाही, म्हणून काय बूट फेकून द्यायचा?

नरसिंगला कळवलं. तो म्हणाला, भरपाईचा दावा दिवाणी कोर्टात लावतात, कलेक्टरचा काही संबंध नाही. आणि विचारलं, ताईच्या पाटल्यांचं काय झालं. प्रश्नाला प्रश्न जोडायची वकिलांची ही खोड वाईट.

३० मार्च. लातूरहून परत.

टक्केवारीसाठी गेलो होतो. तयारी उत्तम होती. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम पंधरवडाभर बंद ठेवले होते, कारण पाय सुधारला तर वीरण्णा स्वस्तात सुटतो. सिंधु रोज म्हणायची, पाय आकडून जाईल. मी म्हणायचो, तेच तर.

एसटीत जागा मिळाली, वॉकरचा तेवढा फायदा. सरकारी दवाखान्यात मोठी रांग. मी चेहऱ्यावर वेदना धरून बसलो होतो. माझा नंबर जवळ आला आणि औशाचा कुणीतरी पागोटेवाला सरळ खिडकीशी घुसला. अन्याय मला सहन होत नाही. मी जाऊन त्याची बाही धरली, मागे ओढला, दोन शब्द सुनावले. वळून बघतो तर डॉक्टर दारात उभे. माझा वॉकर पार तिकडे बाकापाशी.

त्यांनी कागदावर लिहिलं: चालणे समाधानकारक. म्हणाले, टक्केवारी पाय पूर्ण बरा झाल्यावर, काही कायमचं राहिलं तरच देतात. तुमचं काही राहील असं वाटत नाही.

त्या पागोटेवाल्यालाही पुढेमागे पाहून घ्यायचं. सिंधु परतीच्या वाटेत फक्त खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सगळी वाळलेली रानं.

८ एप्रिल. पाडवा.

वीरण्णा पुन्हा आला. या वेळी माझ्याशी बोललाच नाही, थेट सिंधुशी. वैनी, तुमच्या पाटल्या मी सोडवून आनतो. पैशाचं मागून बगू. भावाच्या पोरीच्या लगनात मोकळ्या हातानं जाऊ नगासा.

सिंधुचे डोळे भरले. मी आतून ओरडलो, थांब! एक अट. कागदावर लिहून दे की पाणी माझं होतं.

तो म्हणाला, माजं न्हवतंच तर कसं लिवू, शेषेराव? बसवण्णाची आन हाय.

मी म्हणालो, मग पाटल्या राहू दे. तत्त्व गहाण टाकता येत नाही.

सिंधु म्हणाली, तत्त्व तुमचं अन गहान माजं. त्यानंतर बोलली नाही. दुपारी पुरणपोळीवर तूप आलं नाही.

आता फार मोठं पाऊल उचलायला हवं. वीरण्णाचा चांगुलपणा वाढत चालला आहे. तो वेळीच थांबवला नाही तर गल्लीचं मत फिरेल.

१३ एप्रिल.

लातूरला रेल्वेने पाणी आलं. पेपरात फोटो आहे, लोकांनी इंजिनाला हार घातले. देश पाणी पाठवतो आणि इकडे वीरण्णा ते फरशीवर सोडतो.

आज नगरपालिकेला अर्ज केला. आयुष्यातला सर्वोत्तम. कलमं अशी. एक: वीरण्णाच्या फाटकापुढची फरशी उखडून, लागेल तिथपर्यंत खोदून पाण्याचा उगम शोधावा आणि तो सापडेपर्यंत काम कोणत्याही कारणास्तव थांबवू नये. दोन: दोषी इसमाचा जोड तत्काळ तोडावा. तीन: त्याला नियमातला जास्तीत जास्त दंड करावा, त्याचे वय, आजारपण, शेजारधर्म किंवा गल्लीतली प्रतिष्ठा यांचा विचार करू नये. चार: पंचनामा सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा.

सटवाजीने झेरॉक्स काढता काढता वाचला. म्हणाला, शेषेराव, ह्यातून मानूस वाचायचा न्हाई. मी म्हणालो, हेतू तोच आहे.

सिंधु बऱ्याच दिवसांनी बोलली. आवो, आपली नळी. मी म्हणालो, ते खोदणार समोर, वीरण्णाकडे. आपली नळी वेगळी, तिचं पाणी वेगळं. ती कपाळावर हात मारून आत गेली. भूगोल कच्चा.

२१ एप्रिल. दावा जिंकण्याचा दिवस.

सकाळी सात. खुर्ची गल्लीच्या मधोमध टाकली. इस्त्रीचा शर्ट. सगळ्यांना साक्षीला बोलावलं. शेजारची केवळाबाई शेवया टाकायचं सोडून आली. नागुबाई वॉकर धरून ओट्यावर. वीरण्णा फाटकाशी, राखुंडी नाही, दात बंद.

आठ. नगरपालिकेचे ओव्हरसियर आणि मजूर आले. सगळ्यांना चहा मी पाजला. एवढ्या टंचाईतही शेषेरावाच्या घरी चहा मिळतो, असं ओव्हरसियर म्हणाले. मी म्हणालो, नियोजन.

नऊ. फरशीखाली माती ओली. मी टाळी वाजवली.

साडेनऊ. काळी नळी सापडली! जोडावर फाटलेली, वर चिंधी आणि सुतळी गुंडाळलेली, त्यातून बारीक कारंजं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, पंचनाम्यात घ्या, इतका निष्काळजी जोड मी आयुष्यात पाहिला नाही. वीरण्णाकडे बोट दाखवलं. सगळी गल्ली खड्ड्यात वाकून बघू लागली. हा क्षण मला फ्रेम करून लावायचा होता.

पावणेदहा. ओव्हरसियर म्हणाले, ही नळी वीरण्णाच्या घरात जात नाही. मोठ्या लाइनीवरून येते आणि विरुद्ध बाजूला वळते. मी म्हणालो, नळीवर किती विश्वास ठेवायचा हाही प्रश्न आहे.

दहा. मजूर विरुद्ध बाजूने खोदत आहेत. मी सुचवलं की पुरावा मिळालेला आहे, आता उगाच गल्ली खराब नको. शिवाय ऊन वाढलं, मजुरांच्या तब्येतीचं कुणीतरी बघायला हवं. ओव्हरसियरने खिशातून माझा अर्ज काढला आणि कलम एक वाचून दाखवलं.

साडेदहा. आमचा ओटा.

अकरा. आमची मोरी.

दुपारी. कलम चारप्रमाणे पंचनामा मोठ्याने वाचला. ओव्हरसियरचा आवाज खणखणीत आहे.

२३ एप्रिल.

काही तांत्रिक अडचणी. नळ तोडला. दंड जास्तीत जास्त बसला. मी ओव्हरसियरला माझा पाय दाखवला, शेजार सांगितला, गल्लीतली प्रतिष्ठा सांगितली. त्यांनी कलम तीनवर बोट ठेवलं. अर्ज इतका घट्ट लिहायला नको होता.

खरा दोषी मलप्पा. त्याच्यावर दावा लावायचा. फोन केला, हल्ली देगलूरला असतो. म्हणाला, मालक, तवाच बोल्लो होतो की लोखंडी पट्टी मारू, सुतळी लई दिस टिकत न्हाई. तुमीच नगं म्हनलाव. असं काही झाल्याचं मला आठवत नाही.

नरसिंगला फोन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अभिनंदन दाजी, साखळी पूर्ण झाली. पाणी कुणाचं, निष्काळजीपणा कुणाचा, त्यानेच पाय मोडला का, तिन्ही कड्या तुम्हीच पुराव्यासकट जोडल्या. फक्त आता स्वतःच्या चुकीचे पैसे कापायचे म्हटले तर सगळेच कापावे लागतात.

वीरण्णाने फरशी पुन्हा बसवून घेतली, तीही आपल्या पैशाने. हसलासुद्धा नाही. हसायला हवं होतं त्याने! हसला असता तर पुढे काहीतरी करता आलं असतं. मला त्याचा इतका राग आजवर कधीच आला नव्हता.

१ मे.

जिल्हा जाहीर झाला नाही. सटवाजी म्हणतो, पंदरा ऑगस्टला पक्कं.

९ मे. अक्षय तृतीया.

सिंधु काल एसटीने नांदेडला गेली. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. मी म्हणालो, दाखव बरं, चांगल्या दिसतात. तिने पदर पुढे ओढून घेतला.

मी गेलो नाही. नरसिंग म्हणाला, दाजी, पायाला आराम द्या, लग्नात उभं राहावं लागतं. हे त्याने दोनदा सांगितलं. मला कळलं नाही असं नाही.

टँकर आला. कळशी वॉकरला अडकवून रांगेत उभा राहिलो. आता वॉकरची गरज नाही, पण रांगेत बरा पडतो. केवळाबाईने सगळ्यांदेखत विचारलं, शेषेराव, तुमचा पाय कशानं मोडला म्हनं? तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, पाण्याने. मागून वीरण्णाच्या सुनेने माझी कळशी भरून दिली आणि उंबऱ्यापर्यंत आणून ठेवली. हा सूड उगवण्याचा तिच्या सासरचा प्रकार असावा.

घरात कुणी नाही. स्वतःच्या पाण्यावर स्वतः पडलेला माणूस म्हणून मला वाईट वाटत नाही. मोकळे हात डोळ्यांसमोर येतात तेवढंच.

१४ मे.

सिंधु काल नांदेडहून परतली. आज धंदा घरी आला.

नागुबाई ओट्यावर येऊन बसली. वॉकर भिंतीला टेकवला. म्हणाली, शेष्या, एक अर्ज लिव. माज्या खुब्याच्या भरपाईचा. मी विचारलं, कुणाच्या विरुद्ध? ती म्हणाली, तुज्या.

मी म्हणालो, नागुबाई, हे मी कसं लिहिणार, गावात दुसरे अर्जनवीस आहेत. ती म्हणाली, त्येंच्या हाताला गुन न्हाई. औरादचा वाटा तुज्याच अर्जानं भेटला. मी विचारलं, वीरण्णाला माहीत आहे का. म्हणाली, तो नगं म्हनलाय, शेजार हाय म्हनतो. खुबा माजा मोडलाय, त्येचा न्हाई.

कागद घेतला. कसंतरी चार ओळींत उरकावं म्हणून बसलो. पण ती सांगू लागली, पानी सांडलं होतं, मी पडले, आणि माझ्या हाताला राहवेना. असा अर्ज साहेब केराच्या टोपलीत टाकतो. मी लिहिलं: गैरअर्जदार याने बेकायदेशीरपणे घेतलेल्या व अत्यंत निष्काळजीपणे जोडलेल्या नळजोडातून झिरपणाऱ्या पाण्यामुळे. मग ऑपरेशनचा खर्च, औषधं, पुढचे उपचार, वेदना. ती म्हणाली, वेदनेचं बी भेटतंय? मी म्हणालो, हो, ते सोडू नका. सोबत तिचाच मार्चमधला जबाब जोडला, पानी ज्याचं भरपाई त्याची. पंचनाम्याची झेरॉक्स माझ्याकडे होतीच.

तिने विचारलं, तो समोरचा काय म्हनून सुटंल? मी सवयीने विचार केला. तो म्हणेल, या वयात माणसाने खाली बघून चालावं. म्हणून एक कलम वाढवलं: गैरअर्जदार स्वतः त्याच जागी पडलेला असल्याने त्याचा हा बचाव ग्राह्य धरू नये.

शेवटी ती म्हणाली, आनखी एक लिव. त्यानं आदी बायकूच्या पाटल्या सोडवाव्या, मंग माजं द्यावं. मी म्हणालो, असं अर्जात येत नाही, तो वेगळा विषय आहे, कायद्याला धरून नाही. ती म्हणाली, लिव. मी लिहिलं.

मोठ्याने वाचून दाखवला. नागुबाईने खाली सही केली आणि म्हणाली, लई बेस झाला, आता साक्षीदार पायजे. मी म्हणालो, कुणीतरी गल्लीतलं बघू. तेवढ्यात सिंधु आतून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या हातातलं पेन घेतलं, साक्षीदार लिहिलं होतं त्याच्यापुढे पूर्ण नाव लिहून सही केली. काचेच्या बांगड्या कागदावर वाजल्या.

ती आत गेल्यावर अर्ज पुन्हा एकदा नीट तपासला. पळवाट कुठेच नाही.